भादव्यातला माळ

सोलापुरात पाऊस उशिरा येतो. जून-जुलैत सह्याद्री धुऊन निघत असतो तेव्हा इथल्या आभाळातून ढग नुसते पुढे निघून जातात. वर्षाकाठी सरासरी पाचसहाशे मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. म्हणून इथला माळ फुलतो तोही भादव्यात. कासच्या पठारावर माणसांची रीघ लागलेली असते, त्याच पंधरवड्यात सोलापूर-बार्शी रस्त्यालगतचा माळ भर बहरात असतो, आणि तिथे चिटपाखरूही फिरकत नाही. माझं माहेर सोलापूर. त्या रस्त्यानं लहानपणापासून जाणं-येणं. एसटीच्या खिडकीतून गवत दिसायचं, मधूनच बोरी-बाभळी, आणि तरवडाचा पिवळा रंग. माळ बघायला म्हणून खाली उतरणं मात्र व्हायचं राहूनच गेलं होतं.

त्यासाठी निमित्त मिळालं ते शनिवार-रविवारच्या एका निवासी शिबिराचं. विषय एकच : माळावरची रानफुलं ओळखायला शिकणं. शिकवणारे सर सोलापुरातल्याच एका महाविद्यालयातून वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मुक्काम नान्नजजवळच्या एका शेतघरात. शिकणारे नाना तऱ्हेचे : दोन शाळामास्तर, बँकेतले एक गृहस्थ, बी.एस्सी.च्या मुली, पुण्याहून आलेलं डॉक्टर जोडपं. बरोबर आणायला सांगितलं होतं ते भिंग, वही, पेन्सिल आणि घोट्याच्या वर येतील असे बूट.

सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवरचं हे नान्नज दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक द्राक्षं. सोनाका आणि शरद सीडलेस ही द्राक्षांची वाणं इथल्याच नानासाहेब काळे यांनी शोधून वाढवली; आज महाराष्ट्रभर या वाणांच्या बागा आहेत. दुसरी गोष्ट माळढोक. १९७९ साली इथे माळढोक पक्षी अभयारण्य झालं. सोलापूर आणि अहमदनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं त्याचं क्षेत्र कागदोपत्री तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं होतं, म्हणून पुढे ते कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केलं. माळढोक मात्र त्याहून वेगानं कमी झाला. साऱ्या देशात मिळून आता दीडशेही पक्षी उरले नाहीत, आणि नान्नजला एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. आम्ही जाणार होतो ती वाट वनखात्याची परवानगी घेतलेली, आणि बाकीचा फेरफटका आसपासच्या गायरानात.

पहिल्या दिवशी उजाडता उजाडता सरांनी आम्हाला माळावर नेलं आणि चालवण्याऐवजी बसवलं. प्रत्येकाला चार खिळे आणि सुतळीचा एक तुकडा दिला. मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकोन आखायचा आणि त्याच्या कडेला तासभर बसायचं. "नावं विचारू नका," ते म्हणाले. "आधी वेगवेगळी झाडं किती आहेत ते बघा. प्रत्येकाचं एक पान आणि एक फूल वहीत काढा. नाव कुणीही सांगेल, पण एकदा सांगितलं की तुम्ही बघायचं थांबाल."

माझ्या चौकोनात आधी नुसतं गवतच दिसलं. मग गवतातही फरक दिसायला लागले : एकाच्या पेरांभोवती पांढरी लव होती, तर एकाचा शेंडा तांबूस होता. मग गवताच्या बुडाशी जमिनीलगत पसरलेली निळी फुलं दिसली, शर्टाच्या बटणाएवढी. एक रोप सुट्या, एकेकट्या पानांच्या ओळी मिरवत होतं, आणि टोकाला जांभळट-गुलाबी फुलांचा छोटा तुरा. एकाची पानं तीन-तीनच्या जुडीत, भिंगातून बघितलं तर पानाच्या पाठीवर बारीक ठिपके, आणि फुलं शेंदरी लाल, इतकी लहान की डोळ्यांनी नुसता लाल ठिपकाच दिसावा. तास संपला तेव्हा वहीची तीन पानं भरली होती, आणि चौकोनाचा एक कोपरा अजून बघायचा राहिला होता.

मग सर एकेकाच्या चौकोनाशी येऊन बसले. निळी फुलं म्हणजे विष्णुक्रांत. एकपानी रोप म्हणजे शेवरा. त्याची शेंग मण्यांसारखी जोडांची असते आणि पिकली की जोडाजोडावर तुटते. ठिपक्यांच्या पानाचा तो बरबडा. जुन्या दुष्काळांत याचं बी दळून भाकरीत मिसळल्याच्या नोंदी आहेत, असं सरांनी सांगितलं. लव असलेलं गवत म्हणजे मारवेल. शेवरा आणि बरबडा दोन्ही शेंगवर्गातले. मुरमाड जमिनीत नत्र धरून ठेवायचं काम त्यांच्या मुळांवरच्या गाठींचं. माळाला कुणी खत घालत नाही, तरी दर पावसाळ्यात एवढं गवत येतं, त्यामागे ही बोटभर रोपटी आहेत. मला हे ऐकून त्या लाल ठिपक्याबद्दल फार आदर वाटला.

केना तर आमच्यापैकी सगळ्यांना माहीत होता. शेतात तण म्हणून उपटायचा, भाजी म्हणून खायचा, निळी पाकळी ओळखीची. सरांनी एक रोप खुरप्यानं अलगद मातीसकट उचललं आणि पाण्यात हलवून माती धुतली. बुडाशी मुळांच्या गर्दीत पांढऱ्या, नाजूक फांद्या होत्या आणि त्यांना मिटलेल्या कळ्या. ही केन्याची दुसरी फुलं. ती कधी उघडत नाहीत, त्यांना ऊन, वारा, माशी काहीच लागत नाही, जमिनीतच स्वतःशी फळतात आणि तिथेच बी धरतात. वरचं फूल कुणी खाल्लं, तुडवलं, उपटलं तरी खालची सोय शाबूत. पुण्याच्या डॉक्टरीणबाई ती धुतलेली मुळं हातात घेऊन बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

माळावरची फुलं ओळखायची तर घड्याळ सांभाळावं लागतं, हे त्या दिवशी कळलं. केना, नभाळी सकाळची. ऊन तापलं की त्यांच्या पाकळ्या विरघळल्यासारख्या होतात. विष्णुक्रांत दुपार कलायच्या आत मिटते. चिकण्याची फिकी पिवळी फुलं मात्र ऊन चढल्याशिवाय उघडत नाहीत, आणि थोडेच तास उघडी असतात. पेटारीची पिवळीजर्द फुलं बघायची तर दुपारी तीननंतर जावं. एकाच वाटेनं आम्ही सकाळी गेलो आणि दुपारी परत आलो, तेव्हा माळाचा रंग निळ्यावरून पिवळ्यावर गेला होता. रस्त्यानं जाणाऱ्याला यातली फार तर एक वेळ दिसते. मला वाटतं, माळ रिकामा आहे अशी समजूत पसरण्याचं हे एक मोठं कारण आहे. इथे सगळं बारीक आहे, जमिनीलगत आहे आणि ठरल्या वेळीच हजर असतं. कासला फुलांचे ताटवे उभ्या उभ्या दिसतात. इथे गुडघे टेकावे लागतात.

तरवड तेवढा अपवाद. तो छातीएवढा वाढतो आणि लांबून ओळखू येतो. पण लांबून ओळखणं म्हणजे किती थोडं, हे सरांनी एका झुडपापाशी दाखवलं. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोल उपपर्णं असतात. फुलं नसली तरी एवढ्यावरून तरवड ओळखावा. मग एक फूल त्यांनी बोटांनी फाकवलं. पुंकेसर दहा, पण सगळे सारखे नाहीत. मधले आखूड, खालचे तीन लांब आणि वाकडे. परागकोश इतर फुलांसारखे उकलत नाहीत, त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्रं असतात. सरांनी पिशवीतून शाळेच्या प्रयोगशाळेतला असतो तसा नादकाटा काढला, बुटाच्या टाचेवर आपटला आणि त्याचं टोक हलकेच परागकोशाला लावलं. छिद्रातून पिवळ्या धुरळ्याचा एक झोत बाहेर उडाला. आम्ही सगळे एकदम पुढे वाकलो.

"हेच भुंगा करतो," सर म्हणाले, आणि आम्हाला गप्प उभं केलं. थोड्या वेळानं एक मोठा काळा भुंगा आला. उडताना त्याचा आवाज घोगरा, खालच्या पट्टीतला. फुलावर बसून त्यानं मधल्या पुंकेसरांना मिठी मारली आणि आवाज एकदम चढला, तारेवर गज ओढावा तसा. पंख स्थिर, नुसतं अंग थरथरत होतं. मधल्या आखूड पुंकेसरांतला पराग तो खाण्यासाठी नेतो. त्याच वेळी खालच्या लांब, वाकड्या पुंकेसरांतला पराग त्याच्या अंगावर पडतो आणि पुढच्या फुलाला पोचतो. एकाच फुलात एक शिदोरी आणि एक टपाल. तरवडात मध नसतोच, त्यामुळे हा थरथराट ज्याला जमतो त्यालाच इथे काही मिळतं. पुढे दिवसभर मी आवाजावरून सांगू शकत होते की भुंगा नुसता उडतोय की फुलावर काम करतोय.

दुपारी बाभळीखाली जेवायला बसलो : कडक भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी, ताक. तिथेच मेंढरं घेऊन एक धनगर मामा आले. आमच्या वह्या, भिंगं, सुतळ्या बघून थांबले.

"काय हुडकताय वो ताई?"

"फुलं बघतोय मामा. नावं शिकतोय."

ते खाली बसले. माझ्या वहीतल्या चित्रावर बोट ठेवलं. "ही शेवरा न्हवं? मेंढरं सोडली की आदी ह्येच्यावर जात्यात. मग बरबडा. कुसळी कवळी हाय तवर खात्यात, एकदा कुसळं धरली की त्वांड लावत न्हाईत. कुसळ लोकरीतनं कातड्यात घुसतं. ते बगून हितनं हालाय लागतं." उन्हाळीचं चित्र बघून म्हणाले, "ह्येला न्हाई खात. तरवडाला बी न्हाई."

सरांनी आपली वही काढली आणि मामांनी सांगितलेला क्रम जसाच्या तसा उतरून घेतला. मामा पुढे गेल्यावर ते म्हणाले की जिल्ह्याच्या वनस्पतींचं काम सोलापुरात चांगलं झालं आहे. वालचंद महाविद्यालयातल्या संशोधकांनी जिल्हाभर फिरून केलेली यादी २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी शंभर वर्षांपूर्वी थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ आहेच. पण कुठलं रोप मेंढरू कधी खातं आणि कधी सोडतं, हे मेंढरामागे चालणाऱ्यालाच ठाऊक. त्यावरून माळाची तब्येत कळते. शेवरा, मारवेल, पवन्या गवत भरपूर असेल तर चराई बेतात आहे. नुसता तरवड आणि उन्हाळीच उरली असेल तर माळ ओरबाडला गेलाय. संध्याकाळी परतताना आम्ही वाटेच्या दोन्ही अंगांना याच नजरेनं बघत होतो. गावाजवळच्या गायरानात खरोखरच तरवड दाट होता. तो पिवळा रंग इतकी वर्षं मला माळाच्या समृद्धीचा वाटत आला होता. आता त्याच्यापाशी थांबून आजूबाजूला आणखी काय आहे ते शोधावंसं वाटतं.

वाटेतल्या एका जोंधळ्याच्या शेताच्या बांधावर सरांनी टारफुला दाखवला. पांढरी, नाजूक फुलं, बघून जीव ओवाळून टाकावा अशी. मुळं जोंधळ्याच्या मुळांत शिरलेली. धुळीएवढं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि जोंधळ्याच्या मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्याची चाहूल लागली की मगच उगवतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा वैरीच. त्यामुळे तिथे फार वेळ काढला नाही.

रात्री शेतघराच्या ओसरीवर सरांनी माळाचं वय सांगितलं, आणि माझ्या मते शिबिराचा खरा गाभा तोच होता. आपल्याला सहज वाटतं की इथे पूर्वी घनदाट जंगल असणार, ते तोडलं आणि माळ उरला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांचा २०२५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हे खोडून काढतो. त्यांनी जुनं मराठी वाङ्मय, संतचरित्रं, स्थळकथा, ओव्या पालथ्या घातल्या आणि त्यांत कोणत्या रानझाडांचे उल्लेख येतात ते तपासलं. तेराव्या शतकापासूनच्या त्या मजकुरात बाभळीसारखी उघड्या, उन्हाच्या, गवताळ रानातली झाडं पुन्हा पुन्हा भेटतात. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातलं संत कान्होपात्रेचं तरटीचं झाड आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. ती तरटी अशाच काटेरी माळरानातली. आषाढीला त्या झाडापाशी हात जोडताना हे कधी डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी वारकरी ज्या मुलखातून चालत गेले तो मुलूख असाच होता : गवत, विरळ काटेरी झाडं, मेंढरं आणि भादव्यातली ही बारीक फुलं.

सरांनी अमेरिकेतल्या प्रेअरीचीही गोष्ट सांगितली. उंच गवताची ती प्रेअरी नांगराखाली गेली. आज जेमतेम चार टक्के उरली असेल. उरली ती काही ठिकाणी जुन्या दफनभूमींत किंवा रेल्वेरुळांच्या कडेला, कारण तिथे नांगर शिरला नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठानं १९३५ च्या सुमारास एका जुन्या शेतावर प्रेअरी पुन्हा उभी करायला सुरुवात केली. नव्वद वर्षं झाली, ते काम अजून चालूच आहे. नांगरलेला माळ परत आणायला एवढा काळ लागतो. आपल्याकडे अजून जिवंत माळ आहे.

म्हणूनच रविवारी सकाळी पाहिलेलं दृश्य सोसवलं नाही. आदल्या दिवशीच्या वाटेला लागून एका टेकाडावर ओळीनं खड्डे खणले होते. प्रत्येक खड्ड्याभोवती उपसलेल्या मुरमाचा ढीग, आणि त्याखाली शेवरा, विष्णुक्रांत गाडले गेलेले. वृक्षारोपणाची तयारी. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नसणार. झाडं लावणं हे पुण्यकर्म, असंच आपण सगळे शाळेपासून शिकलो आहोत. पण इथे झाड वाढलं की सावली पडते, आणि या फुलांतली बहुतेक सावलीत टिकत नाहीत. पूर्वी माळावर गिरिपुष्प लावलं गेलं, तिथे खाली काय उरलं ते सरांनी नेऊन दाखवलं : वाळका पाला आणि उघडी माती. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. तिला चारही बाजूंनी लांबवर दिसावं लागतं. झाड म्हणजे तिच्या दृष्टीनं कावळ्या-घारीची बसायची जागा. पिलांना टोळ, नाकतोडे, भुंगेरे लागतात, आणि ते याच शेंगवर्गी रोपांवर आणि गवतावर पोसतात. माळढोक गेल्याची हळहळ आपण सगळेच करतो. त्याच्या पायाखालचं शेवऱ्याचं रोप गेलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. सरकारी नकाशात ही जमीन बहुतेक वेळा पडीक म्हणूनच रंगवलेली असते, आणि पडीक जमिनीचं काहीतरी करायलाच हवं असं कुणालाही वाटणार. मला तिथे उभं राहून राग आला आणि अजूनही तो गेलेला नाही. सोलापूरच्या शाळांनी झाडं जरूर लावावीत : रस्त्याकडेला, आवारात, ओढ्याकाठी. माळावर मुलांना न्यावं ते चार खिळे आणि सुतळी देऊन.

दुपारी शिबिर संपलं. त्या रविवारी सर्वपित्री अमावस्या होती, म्हणजे आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात बतुकम्माची सुरुवात. तेलंगणातून गिरण्यांसाठी, हातमागासाठी आलेली पद्मशाली कुटुंबं सोलापुरात पिढ्यान् पिढ्या नांदताहेत, आणि त्यांचा हा फुलांचा सण. माझ्या वर्गमैत्रिणीचं घर दाजी पेठेत. संध्याकाळी तिथे गेले तर अक्का, म्हणजे तिची आई, ओसरीत दोन पाट्या फुलं घेऊन बसली होती. एका पाटीत तरवड, तिच्या भाषेत तंगेडू. दुसरीत कुरडू, म्हणजे गुनुगु. या दोन फुलांशिवाय बतुकम्माची आरास रचत नाहीत. बाजारचा झेंडू नंतर, आधी रानातलं. वर्षानुवर्षं मी हे बघत आले, पण फांद्या हातात घेतल्यावर त्या दिवशी आधी देठाशी बघितलं. कानाच्या पाळीसारखी उपपर्णं होती.

"अक्का, फुलं कुठली आणलीत?"

"तुळजापूर रोडकडनं. पोरं टेम्पोतून आणतात की आता. पूर्वी आम्हीच जायचो ना, अक्कलकोट रोडला, सासूबाई आणि आम्ही सगळ्या. सकाळी निघायचं, पिशव्या भरून आणायचं. आता तिथं काय हाय, सगळं कारखाने."

मी तिला भुंग्याचं आणि नादकाट्याचं सांगितलं. तिनं हातातलं फूल जवळ धरून बघितलं, मधले आखूड, खालचे लांब पुंकेसर मोजले, आणि म्हणाली की लहानपणी आजी सांगायची, ऊन वर आल्यावर तंगेडू तोडायला जाऊ नका, काळा भुंगा असतो. मग कुरडूची पाटी माझ्यापुढे सरकवली. शेंडे सारखे करून वीस-वीसच्या जुड्या बांधायच्या, देठ एका मापात कापायचे, आणि निम्म्या जुड्या गुलाबी रंगात बुडवून वाळत टाकायच्या. चौकात फेर धरायला बायका आठला जमणार होत्या, रंग वाळायला तासभर लागतो, आणि अर्धी पाटी अजून तशीच होती.